पहिलं पाणी

चाळीस वर्षं आई वेदीची कापडं धूत होती.
फादर सात बदलले. बादली तीच,
निळी, कडेचे पोपडे उडालेली,
जी गोठ्यात न्यायची मला बंदी होती.

पहिलं पाणी गटारात नाही, ती सांगायची.
कापडाच्या घडीत एखादा कण राहिला असेल
प्रभूच्या देहाचा. मोहरीएवढा, त्याहून बारीक.
म्हणून पहिलं पाणी मातीला.
कुंपणाच्या हायड्रेंजियाच्या बुंध्याशी ती ते ओतायची,
सावकाश, कितीही घाई असली तरी.
दुसरं पाणी मग कुठेही.

आता ती ब्याण्णव वर्षांची.
साओ जॉर्ज बेटावर धुकं दुपारीच उतरतं,
तिच्या डोक्यातलं सकाळीही उठत नाही.
मला ती अमारो म्हणते.
अमारो तिचा भाऊ. एक्कावन्न साली
व्हेलच्या मागे गेलेली त्याची होडी परतली नाही.
सुरुवातीला मी सांगायचो, आई, मी लिदुइनो,
मामा गेला.
दर वेळी तो तिच्यासमोर नव्याने बुडायचा.
मग सोडून दिलं.
आता मी अमारो. उशिरा का होईना,
घरी आलोय.

फॉल रिव्हरहून बहीण रविवारी फोन करते.
वेलासला आश्रम आहे, खर्च मी देते,
तू गाई बघणार की तिला?
आणि खरं सांग, ती आता आपली आई
उरलीय तरी कुठे?
लुसिंदा वाईट नाही.
ती इतक्या लांबून थकलीय,
मी इतक्या जवळून.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी तिचं मनगट
जोरात धरलं. चार बोटं उमटली.
शनिवारी कबुलीला गेलो.
नवा फादर पोरगेलासा, अंगोलाचा. बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, प्रायश्चित्त असं:
आठवड्यातून दोन रात्री शेजारणीला बोलव,
आणि झोप.
मी विचारलं, आणि प्रार्थना?
म्हणाला, झोप आधी.

तिला पुसताना सगळी उघडी करत नाही.
एक हात पुसायचा, झाकायचा. मग दुसरा.
हे मला कुठल्या नर्सने शिकवलं नाही.
वेदी उघडी ठेवायची ती फक्त गुड फ्रायडेला,
एरवी नाही, असं तीच म्हणायची,
इस्त्रीच्या वाफेत, माझ्याकडे न बघता.

शुक्रवारी सेराफिम येतो, निवृत्त पोस्टमन,
छातीशी छोटी सोनेरी डबी.
पत्रं वाटायचा तशीच दारावर दोनदा टकटक.
गेल्या खेपेला आईला गिळायचं कसं तेच आठवेना.
परमप्रसाद ओठांवरून घरंगळला,
लाळेत भिजून हनुवटीला चिकटला.
मी रुमाल शोधत होतो.
सेराफिम वाकला, गुडघा कटकन वाजला,
दोन बोटांनी त्याने तो तुकडा उचलला
आणि स्वतःच्या तोंडात ठेवला.
तोंड वाकडं नाही, डोळे मोठे नाहीत.
मग तिच्या कपाळावर क्रूस काढला
आणि मला विचारलं, कॉफी आहे का?

त्या संध्याकाळी तिची चादर धुवायला घेतली.
रोजचीच. रोजचाच वास.
पण एखादा कण राहिला असेल, वाटलं,
सेराफिमच्या नजरेतून सुटलेला.
पहिलं पाणी कुंपणाशी नेलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कण असायचं कारण नव्हतं.
चादर होती, तिचं अंग होतं तिच्यात उतरलेलं,
बादली उचलली, मोरीपर्यंत गेलो,
उभा राहिलो.
गाई हंबरत होत्या, दुधाची वेळ टळत होती.
परत फिरलो आणि कुंपणाशी आलो.

खिडकीतून ती बघत होती.
अमारो, म्हणाली,
सावकाश.

गोठ्यासाठी मी दुसरी बादली आणली आहे.